केर हार्डी : चरित्र आणि चरित्रनायक

२३ जून १८९४ रोजीं दक्षिण वेल्समधील अल्बियन खाणींत स्फोट होऊन २९० माणसें मेलीं. त्याच दिवशीं इंग्लंडच्या राजघराण्यांत पुत्रजन्म झाला. पार्लमेंटांत अभिनंदनाचा ठराव आला; मृत मजुरांसाठीं दुखवट्याचें एक वाक्यहि त्यास जोडूं दिलें नाहीं. तेव्हां त्या ठरावाविरुद्ध केर हार्डी एकटे उभे राहिले. (तोच राजपुत्र पुढें आठवा एडवर्ड होऊन १९३६ सालीं राज्यत्याग करता झाला.)

हार्डींचें चरित्र त्यांचे पक्षबंधु विल्यम स्टुअर्ट यांनीं १९२१ सालीं लिहिलें. भक्तानें लिहिलेल्या चरित्राकडे आम्ही थोड्या संशयानेंच पाहतों. तथापि बाल्यकाळाचें चित्र रंगविण्यास भक्ताचाच हात लागतो, हें कबूल केलें पाहिजे. दहाव्या वर्षीं खाणींत उतरून हवेचें दार उघडण्या-मिटण्याचें काम करणारा मुलगा, पुढें दिव्याच्या काजळीनें काळा केलेल्या दगडावर तारेनें लघुलेखन गिरवितो, हें वाचून कोणाचें मन हेलावणार नाहीं? मालकांनीं त्यांस काळ्या यादींत घातलें आणि ते संघटनेचे चिटणीस झाले. १८८८ सालीं निवडणुकींत अवघीं ६१७ मतें मिळालीं. १८९२ सालीं मात्र ते पार्लमेंटांत शिरले. त्यांच्या टोपीची दंतकथा आम्ही येथें सोडून देतों. तिच्यावर उगाच फार शाई खर्च झाली आहे.

आमचा खरा आक्षेप निराळा आहे. खाण, संघटना, पक्ष, पार्लमेंट अशा एकामागून एक पायऱ्या चढत गेल्याप्रमाणें हें आयुष्य मांडण्याचा मोह चरित्रकारांस आवरत नाहीं. वस्तुतः ही वाट सरळ नव्हती. १९०० सालीं ज्या पक्षाचा पाया घालण्यांत हार्डी अग्रभागीं होते, त्यांत खाणकामगारांचा महासंघ १९०९ सालींच सामील झाला. तोंवर त्याचे बहुतेक पुढारी लिबरलांच्याच पंक्तीस बसत. म्हणजे ज्या वर्गांतून हार्डी आले, तोच वर्ग सर्वांत उशिरां त्यांच्यामागें आला. केनेथ मॉर्गन यांचें १९७५ चें चरित्र थंड प्रकृतीचें असलें, तरी हा पेंच उलगडण्यास तेंच अधिक उपयोगी पडतें.

हिंदी वाचकांस या गृहस्थांचें एक निराळें अगत्य आहे. १९०७ सालीं ते येथें येऊन गेले, हिंदुस्थानास कॅनडाप्रमाणें स्वराज्य असावें असें बोलले आणि १९०९ सालीं आपल्या प्रवासावर पुस्तकहि लिहिलें. एका लहान दौऱ्यावर उभारलेलें हें पुस्तक सखोल नाहीं. परंतु राज्यकर्त्यांच्या देशांतील एक माणूस आपणांकडे दरबारी चष्म्यांतून न पाहतां पाहतो, हें सुख त्यांत आहे.

शेवटचें प्रकरण मात्र चटका लावणारें आहे. ६ ऑगस्ट १९१४ रोजीं ॲबरडेअर येथें, स्वतःच्याच मतदारसंघांत, युद्धाविरुद्ध बोलतांना त्यांची सभा उधळली गेली. २६ सप्टेंबर १९१५ रोजीं ते वारले. नोव्हेंबरांत त्यांची जागा चार्ल्स स्टँटन यांनीं जिंकली. ते ॲबरडेअरच्या खाणकामगारांचेच पुढारी होते, आणि ती सभा उधळण्यांतहि तेच पुढें होते.