'स्मृतिचित्रे': कुटुंबनिष्ठा, धर्मश्रद्धा आणि देशीपणा

लक्ष्मीबाई टिळक यांचे 'स्मृतिचित्रे' (चार भाग, १९३४ ते १९३६) हे मराठी आत्मचरित्रवाङ्मयातील एक मानदंड ठरले आहे. त्यातील विनोद व प्रांजळपणा यांचा गौरव होतो. परंतु लक्ष्मीबाईंच्या धर्मांतराकडे पतीमागे जाणाऱ्या पत्नीची निष्ठा एवढ्याच अर्थाने पाहण्याचा मोह वाचकाला होतो. हे वाचन कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नारायण वामन टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर काही वर्षे लक्ष्मीबाई आप्तांकडे राहिल्या. पुढे त्या पतीकडे परतल्या, तरी स्वयंपाक व पाणी यांचे सोवळे त्यांनी कायम ठेवले. प्रथम जातिभेदाची कल्पना त्यांच्या मनातून गळून पडली आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजेच पतीकडे परतणे आणि पतीचा धर्म स्वीकारणे या दोन स्वतंत्र घटना आहेत. त्यांच्यामधील अंतर केवळ कुटुंबनिष्ठेने भरून निघत नाही. तेथे लक्ष्मीबाईंचा स्वतःचा विवेक कार्यरत आहे. श्रद्धेची कसोटी येथे धर्मग्रंथाच्या चर्चेत न लागता पाण्याच्या घागरीपाशी लागते, हे या ग्रंथाचे वेगळेपण होय.

देशनिष्ठेचा प्रश्नही याच प्रकारे उभा राहतो. ख्रिस्ती होणे म्हणजे परके होणे, हे समीकरण टिळकांना मान्य नव्हते. अभंग, ओवी व कीर्तन यांतून त्यांनी ख्रिस्तभक्तीला मराठी रूप दिले. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले. १९०९ मध्ये त्यांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. हे काम पतिनिष्ठेचे खरेच. पण ओवीत ख्रिस्तचरित्र रचणे हे स्वतंत्र कवयित्रीचे आणि श्रद्धावंताचेही काम आहे.

अर्थात, हे लेखन घटनांनंतर अनेक वर्षांनी, ख्रिस्ती म्हणून स्थिरावलेल्या लेखिकेने केले आहे. त्यामुळे पूर्वीच्या सोवळ्याकडे ती हसून पाहू शकते. त्या हसण्यात मूळची वेदना काही ठिकाणी झाकली जाते, ही मर्यादाही नोंदविली पाहिजे.

तात्पर्य, कुटुंब, श्रद्धा आणि देश या तीन निष्ठांपैकी एकीची निवड करून 'स्मृतिचित्रे' इतर दोहोंचा त्याग करीत नाही. त्यांच्यातील ताण सोसत जगणे हाच या आत्मचरित्राचा आशय आहे. लक्ष्मीबाईंना केवळ 'टिळकांची पत्नी' म्हणून वाचणे, हा त्यांच्या विवेकावर अन्याय ठरेल.