डासाच्या तक्त्यातील एक बाण

बहुतेक शाळांमध्ये डासाच्या जीवनचक्राचा तक्ता भिंतीवर दिसतो. अंडी, अळी, कोष आणि प्रौढ डास अशी चार चित्रे व त्यांना जोडणारे बाण. तक्ता उपयोगाचा आहे, यात शंका नाही. अळी आणि कोष पाण्यात वाढतात हे मुलांना त्यावरून चटकन समजते. साचलेले पाणी का ओतून द्यायचे, तेही कळते. परंतु प्रौढ डासाकडून अंड्यांकडे जाणारा बाण फार सहज काढलेला असतो. खरी गोष्ट नेमकी तिथेच आहे.

तक्ता शिकवताना आपण ‘डास रक्तावर जगतात’ असे सांगून मोकळे होतो. हे बरोबर आहे का? नर डास चावत नाही. उडण्यासाठी लागणारी ऊर्जा नर व मादी दोघांनाही फुलांतील मधुरसातून मिळते. मग मादीला रक्त कशाला हवे? अंड्यांसाठी. मधुरसात साखर असते, प्रथिने जवळजवळ नसतात. रक्तातील प्रथिने पचून त्यांची अमिनो आम्ले झाली, की मादीच्या शरीरात अंड्यांसाठी पीतक तयार होऊ लागते. एडिस इजिप्ती जातीची मादी एकदा पोटभर रक्त प्यायली, तर साधारण तीन दिवसांत तिची शंभरेक अंडी तयार होतात.

प्रथिने कोणती, यालाही महत्त्व आहे. माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये आयसोल्युसिन हे अमिनो आम्ल नसते. प्रयोगात मानवी रक्तात ते मिसळून दिले, तेव्हा एडिसच्या मादीने जास्त अंडी दिली. वरण आणि भात एकमेकांची उणीव भरून काढतात, हे शिकवताना आपण हेच तत्त्व सांगत असतो.

उलट, क्यूलेक्स डासांच्या एका प्रकारातील मादी पहिली अंडी रक्ताशिवायच घालते. अळी असताना साठवलेली प्रथिने तिला पुरतात. म्हणजे खरी अट प्रथिनांची आहे. ‘रक्तावर जगतो’ हे वाक्य शोभते ते ढेकणाला. त्याच्या पिल्लाला प्रत्येक वेळी कात टाकण्यापूर्वी रक्त प्यावेच लागते. नर ढेकूणही रक्तच पितो.

हा भेद केवळ परीक्षेपुरता नाही. १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत मलेरियाचे परजीवी दिसले. रुग्णाच्या रक्तातून आलेला हा परजीवी डासाच्या लाळग्रंथीत पोहोचायला साधारण १० ते १४ दिवस लागतात. मादी आयुष्यात एकदाच चावली असती, तर मलेरिया पसरला नसता. अंडी घातली, की पुढच्या अंड्यांसाठी पुन्हा प्रथिने हवीत, म्हणून पुन्हा चावा. आणि त्या पुढच्या चाव्यांतूनच रोग दुसऱ्या माणसाकडे जातो. आपल्या तक्त्यात हे चक्रच नाही.

नवा तक्ता विकत आणण्याची गरज नाही. प्रौढ डासाच्या चित्राशेजारी खडूने एक लहान वर्तुळ काढावे: रक्त, पचन, अंडी, पुन्हा रक्त. मग मुलांना विचारावे, या वर्तुळाच्या किती फेऱ्या झाल्यावर ही मादी आपल्याला धोकादायक ठरेल?