किमान लिनक्स : काय गाळले, काय गमावले?

दूरच्या संगणककेंद्रातील यंत्राचा एक हिस्सा महिन्याच्या भाड्याने घ्यायचा, या व्यवस्थेला क्लाउड होस्टिंग म्हणतात. अनेक शाळांची संकेतस्थळे आज अशाच भाड्याच्या यंत्रांवर चालतात. यंत्र घेताना पहिला प्रश्न येतो तो ‘इमेज कोणती?’ हा. इमेज म्हणजे प्रणालीचा तयार साचा. तो डिस्कवर उतरवला की यंत्र कामाला लागते. या साच्यांमध्ये ‘मिनिमल’, म्हणजे किमान लिनक्सच्या साच्यांची सध्या चलती आहे. ते हलके, स्वस्त आणि सुरक्षित असतात, असे सांगितले जाते. हे तीन दावे आपण तपासून पाहू.

यामागची कल्पना मात्र जुनी आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यात ब्रूस पेरेन्स यांना डेबियन लिनक्सच्या स्थापनेची साधने १.४४ मेगाबाइटच्या एकाच फ्लॉपीवर बसवायची होती. त्यासाठी त्यांनी बिझीबॉक्स लिहिले. यादी दाखवणे, नक्कल करणे, शोधणे अशा प्रत्येक आज्ञेसाठी स्वतंत्र प्रोग्रॅम न ठेवता त्यांनी एकच प्रोग्रॅम केला. ज्या नावाने हाक मारावी, ते काम तो करतो. आजची अल्पाइन लिनक्स ही प्रणाली याच बिझीबॉक्सवर आणि मसल नावाच्या आटोपशीर सी-लायब्ररीवर उभी आहे.

आता दावा पहिला, हलकेपणाचा. अल्पाइनचा साचा सुमारे ५ मेगाबाइटचा, हा आकडा सर्वत्र ऐकू येतो. तो खरा आहे. पण तो कंटेनरचा आहे. कंटेनरमध्ये लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, नसतो. तो यजमान यंत्राचा वापरला जातो. संपूर्ण यंत्राच्या साच्यात गाभा हवा, तो सुरू करणारी व्यवस्था हवी आणि दुरून प्रवेश देणारा प्रोग्रॅमही हवा. त्यामुळे तो साचा अनेक पटींनी मोठा होतो. भाडेकरूच्या सामानाचे वजन करताना इमारतीचा पाया मोजत नाहीत. पण स्वतःचे घर बांधणाऱ्याला पाया मोजावाच लागतो. दोन वेगळ्या वस्तूंची अशी तुलना विज्ञानाच्या तासाला आपण चालवून घेणार नाही.

दुसरा दावा स्वस्तपणाचा. भाडे ठरते ते प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांवर, आणि लहानात लहान यंत्राबरोबरही सहसा काही गिगाबाइट डिस्क मिळतेच. दिवसाला हजारो यंत्रे सुरू आणि बंद करणाऱ्या कंपनीला शेकडो मेगाबाइटची बचत मोलाची आहे. एकच यंत्र वर्षभर चालवणाऱ्या शाळेच्या बिलात त्याने फारसा फरक पडत नाही.

तिसरा दावा सुरक्षिततेचा, आणि तो सर्वांत विचार करण्याजोगा आहे. प्रत्येक प्रोग्रॅम हे एक दार असते. दारे कमी, तर चोराला वाटाही कमी. तत्त्व बरोबर आहे, पण पुरेसे नाही. २०१९ च्या मे महिन्यात उघड झाले, की अल्पाइनच्या अधिकृत कंटेनर-साच्यांमध्ये २०१५ च्या अखेरीपासून मुख्य वापरकर्त्याच्या पासवर्डची जागा कुलूपबंद नव्हती, चक्क रिकामी होती. काही विशिष्ट प्रोग्रॅम त्यात बसवले, तरच हा धोका प्रत्यक्षात येत होता, हे खरे. तरीही इतक्या छोट्या साच्यातील एका ओळीची चूक तीन वर्षांहून अधिक काळ टिकली. लहान वस्तू तपासायला सोपी असते, पण म्हणून ती कोणी तपासलेली असतेच असे नाही.

याची दुसरी बाजू मार्च २०२४ मध्ये दिसली. एक्सझेड या फाइली आवळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, विश्वास संपादन केलेल्या एका सहकाऱ्याने चोरदरवाजा घुसवल्याचे उघड झाले. रोख होता दुरून प्रवेश देणाऱ्या एसएसएच या सेवेवर. गंमत अशी, की एसएसएचला एक्सझेडची गरजच नाही. काही लिनक्स वितरणांनी तिला सिस्टीमडी या व्यवस्थेशी जोडले होते, आणि सिस्टीमडीच्या लायब्ररीमागोमाग एक्सझेडची लायब्ररी आत आली होती. अल्पाइनमध्ये सिस्टीमडी नाही, म्हणून तेथे ही साखळीच नव्हती. किमानपणाच्या बाजूने याहून बोलका पुरावा आम्हांला माहीत नाही.

पण चोरदरवाजा सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड हे अभियंते डेबियनच्या विकासाधीन आवृत्तीवर वेगळ्याच कामासाठी वेळा मोजत होते. एसएसएचच्या प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, हे त्यांच्या लक्षात आले. क्षुल्लक म्हणून त्यांनी ते सोडून दिले नाही. मापनाची साधने लावून मूळ शोधले. ही साधने, म्हणजे प्रोग्रॅमचा वेळ कुठे जातो ते दाखवणारे पर्फ किंवा मेमरीतील चुका पकडणारे वॅलग्राइंड, किमान साच्यात नसतात. ज्या गाळणीने धोका टळला असता, तीच गाळणी तो शोधण्याची साधनेही बाहेर ठेवते!

शिक्षकांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट गाळली जाते : माहितीपुस्तिका. युनिक्सच्या परंपरेत आज्ञेबरोबरच तिचे ‘मॅन’ पानही यंत्रावर असे. उबंटूने २०१८ मध्ये क्लाउडसाठी किमान साचे जाहीर केले, त्यांत ही पाने नव्हती. ज्या यंत्रावर माणूस प्रवेशच करणार नाही, त्याला पुस्तिका कशाला, असा त्यामागचा हिशेब. कारखान्यासाठी तो बरोबर आहे. शाळेच्या यंत्रावर मात्र माणूस येणार असतो, आणि तो शिकायला येणार असतो.

म्हणून आमचे मत असे : हजारो एकसारखी यंत्रे चालवणाऱ्यांनी किमान साचा जरूर वापरावा. शिकवण्यासाठी दोन साचे शेजारी ठेवावेत, एक किमान आणि एक नेहमीचा. दोन्हींवरील पॅकेजांची यादी विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावी. अल्पाइनवर ‘एपीके इन्फो’ ही आज्ञा दिली, की यादी काही ओळींत संपते. मग प्रत्येक नावापुढे ते कशासाठी आहे आणि काढले तर काय अडेल, हे लिहायला सांगावे. नेहमीच्या साच्याची यादी शेकडो ओळींची असल्याने ती कोणालाही पूर्ण करता येणार नाही. अल्पाइनची यादी मात्र एका तासिकेत पुरी होऊ शकते, आणि किमान साच्याचा खरा उपयोग आम्हांला येथे दिसतो.