करवतीचे दात

नागपुरात उघड्यावरचा कलामेळा बघायचा तो थंडीत. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की माणसं दिवसभर कूलरसमोरून हलत नाहीत. सिव्हिल लाइन्समधल्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या आवारातला ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळाही थंडीतलाच. पण उन्हाचा जाच बघ्यांपेक्षा विणकराला जास्त. कोरड्या हवेत सूत तटातट तुटतं. १८७७ साली इथं सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटांनी हवेत ओलावा राखणारी यंत्रं बसवली होती. कोष्टी विणकराच्या घरी ते काम मागाखालचा खड्डाच करत आला.

अशाच एका मेळ्यात मी करवतकाठी साडी हातात घेतली. अंग कोशाचं, मधाच्या रंगाचं. भंडारा-गडचिरोलीच्या जंगलात ऐन-अर्जुनाच्या पानांवर वाढलेल्या अळ्यांचं ते रेशीम. काठ सुती, लाल. धोटे तीन: दोन काठांचे दोन, अंगाचा एक. काठाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, आणि अंगाचा बाणा सांध्यावर एकमेकांत अडकून मागे फिरतात. फिरण्याची जागा दर ओळीला थोडी पुढेमागे सरकते आणि त्यातून करवतीचे दात उठतात. स्टॉलवरच्या ताईंनी साडी पलटली, पुन्हा पलटली. म्हणाल्या, "उलटी कोणती, सांगा." मला सांगता आलं नाही. यंत्रावर नक्षीपुरते जादा धागे घालूनही दात काढतात, पण तिथं मागच्या बाजूला सुटे धागे लोंबत राहतात.

मुंबईच्या विणकर मोनिका कोरिया यांनी विणता विणता मागाची फणीच काढून टाकली, ताण्याचे धागे मोकळे सोडले आणि त्यांची विणकामं कलाकृती म्हणून भिंतीवर गेली. ते योग्यच झालं. पण बाणा कुठून परत फिरवायचा, हा करवतीच्या विणकराचा निर्णयही त्याच जातीचा आहे. त्याबद्दल आपण समीक्षक 'पारंपरिक कलाकुसर' एवढे दोन शब्द लिहून मोकळे होतो. कोणाचे दात रेखीव, कोणाचा काठ अंगाला ओढ देतो, कोणाची रंगाची जाण पक्की, हे मराठीत लिहिलेलं मला क्वचितच सापडतं. करवतकाठीला भौगोलिक मानांकन आहे. त्यानं प्रदेशाचं नाव राखलं जातं, हाताचं नाही.

मेळ्यातलं सगळंच चांगलं नव्हतं. कोशावर वारली आणि मधुबनी छापून विकणारे स्टॉल वाढलेत. छापायचंच असेल तर कोशाचा तो खरखरीत, गाठाळ पोत कशाला हवा? तिथं कापडाचा कागद होतो. काही करवती साड्यांतही दात ठरीव आणि रंग मेलेले होते. तेही लिहायला हवं. नुसत्या कौतुकाने विणकराचा मान वाढत नाही.

मी ताईंना विचारलं, ही कोणी विणली?

"या बाजूच्या काठाचा धोटा सासूबाईचा. बाकी दोन माझे."

साडी पुन्हा उलगडली. पदरापासून हातभर अंतरावर, त्या काठाचे चार-पाच दात जरा बुटके होते. ताईंनी त्यांवरून बोट फिरवलं. "इथं त्या चुलीकडे गेल्या होत्या. पोरीला बसवलं होतं."