बुडालेल्या बसगाड्या : एका छायाचित्राचं वाचन

आज आम्ही एकच छायाचित्र समोर ठेवणार आहोत. तुमच्यापैकी पुष्कळांनी ते कधी ना कधी पाहिलं असेल. न्यू ऑर्लिन्स, सप्टेंबर २००५. मोठं पटांगण, त्यात शाळेच्या पिवळ्या बसगाड्या शिस्तीत ओळीनं उभ्या, आणि सगळ्या पाण्यात बुडालेल्या. कॅटरिना वादळानंतर हे चित्र जगभर फिरलं. त्याच्याखाली न छापलेली ओळही सगळ्यांनी वाचली : गाड्या होत्या, तरी माणसं अडकली.

हे वाचन खोटं नाही, पण अपुरं आहे. आणि अपुरं वाचन धोकादायक असतं, कारण त्यातून निघणारा उपाय सोपा वाटतो. गाड्या मोजा, यादी करा, यादी फायलीत लावा. आपत्ती व्यवस्थापनाचे कितीतरी आराखडे असेच तयार होतात. 'उपलब्ध वाहने' असा एक रकाना, त्यात एक आकडा. झालं नियोजन!

आता थोडा हिशोब करून बघू. वादळाआधी शहराची वस्ती साडेचार लाखांच्या वर होती. त्यात स्वतःची गाडी नसलेली माणसं एक लाखाच्या घरात. पन्नास माणसांची एक बस धरली तर दोन हजार खेपा. समजा चारशे बस मिळाल्या, तर प्रत्येकीच्या पाच खेपा. कुठवर? बॅटन रूज धरू, सुमारे सव्वाशे किलोमीटर, एरवी दीड तासाचा रस्ता. पण त्या दिवशी त्याच रस्त्यांवर लाखो मोटारी होत्या. महापौर रे नेगिन यांनी शहर सोडण्याचा सक्तीचा आदेश काढला रविवारी, २८ ऑगस्टला सकाळी. वादळ किनाऱ्यावर आदळलं सोमवारी सकाळी. म्हणजे हातात जेमतेम एक दिवस. त्यात पाच खेपा होतात का, तुम्हीच सांगा. आमच्या मते एक खेप झाली असती तरी पुष्कळ. म्हणजे त्या पटांगणातल्या सगळ्या बस निघाल्या असत्या तरी मोठा जमाव मागे राहिलाच असता.

मग बसची कमतरता नव्हती तर कशाची होती? पहिली गोष्ट, ड्रायव्हर. शाळेची बस चालवणारा माणूसही त्याच शहरात राहतो ना? त्यालाही बायको-मुलं, म्हातारे आई-वडील. त्याच्या घरच्यांना आधी कोण बाहेर काढणार, हे आराखड्यात लिहिलेलं नसेल तर तो कामावर येईल असं कशावरून धरायचं? आम्हाला हा सगळ्यात मोठा प्रश्न वाटतो, आणि सगळ्यात कमी वेळा विचारला जाणारा. दुसरं, अधिकार. गव्हर्नर कॅथलीन ब्लँको यांनी शाळांच्या बस ताब्यात घेण्याचा आदेश काढला बुधवारी, ३१ ऑगस्टला. तोवर शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला होता. केंद्राच्या 'फेमा'नं कबूल केलेल्या बस मोठ्या संख्येनं यायला गुरुवार उजाडला. तिसरं, मुक्काम. रविवारी शहराच्या बस चालूच होत्या, हे छायाचित्र सांगत नाही. त्या ठरावीक ठिकाणांहून लोकांना उचलून सुपरडोम स्टेडियमवर सोडत होत्या. म्हणजे शहराबाहेर नाही, शहरातच! बाहेर नेऊन उतरवायचं कुठं, हे पक्कं नसलं की बस अशीच गोल गोल फिरते.

आणि ज्यांना बसपर्यंत येताच येत नाही, त्यांचं काय? लुईझियानातल्या कॅटरिनाच्या बळींपैकी जवळपास निम्मे पंचाहत्तरी गाठलेले किंवा ओलांडलेले होते. त्यांना बसमध्ये बसवलं की प्रश्न सुटला असंही नाही. महिना उलटायच्या आत रीटा वादळ आलं. २३ सप्टेंबरला टेक्सासमधल्या एका वृद्धाश्रमातल्या लोकांना घेऊन निघालेल्या बसला डॅलसजवळ आग लागली आणि २३ वृद्ध गेले. चाकाच्या बेअरिंगला वंगण पुरेसं नव्हतं, ते तापून पेटलं, आणि गाडीत रुग्णांसाठी ऑक्सिजनचे सिलिंडर होते. ही बस वेळेवर निघाली होती. 'उपलब्ध वाहने'च्या रकान्यात तीही बसली असती.

उलट उदाहरण म्हणून कुणी प्रिप्यातचं नाव घेतं. चेर्नोबिलनंतर, २७ एप्रिल १९८६ ला, हजाराहून अधिक बस कीव्हहून आणून साधारण पन्नास हजारांचं ते गाव दुपारी काही तासांत रिकामं केलं. इमारतींच्या दारापर्यंत बस आल्या. वाहतूक म्हणून बघितलं तर काम चोख. पण स्फोटानंतर जवळजवळ दीड दिवस लोकांना नीट काही सांगितलं नव्हतं, आणि तीन दिवसांसाठी जायचंय असं सांगून नेलं, म्हणून आम्ही त्याचा नमुना करणार नाही.

आपल्याकडे वळू. २२ जुलै २०२१ ला चिपळूणचं एसटी आगार पुरात गेलं. आगारप्रमुख रोख रक्कम घेऊन बसच्या टपावर कित्येक तास बसून राहिले, ही बातमी सगळ्यांनी कौतुकानं वाचली. कौतुक रास्तच आहे. पण ते चित्र न्यू ऑर्लिन्सच्या चित्राशेजारी ठेवून बघा. ज्या गाड्यांनी लोकांना बाहेर काढायचं त्याच पाण्यात. पावसाचा इशारा आला की गाड्या रात्रीच्या मुक्कामाला उंचावर हलवायच्या, एवढं तरी आगाराच्या भिंतीवर लिहिलेलं असावं. २०१९ च्या महापुरात तर पुणे-बंगळूर महामार्गच कोल्हापूरजवळ कित्येक दिवस बंद होता. रस्ता बंद झाल्यावर बसचा उपयोग शून्य. आणि गोठ्यात म्हैस असलेला माणूस बसमध्ये चढत नाही, हे कृष्णाकाठच्या कुणालाही विचारा. अमेरिकेत ते कुत्र्या-मांजरांवरून कळलं, आणि २००६ मध्ये पाळीव प्राण्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला.

न्यू ऑर्लिन्सनं पुढं बदल केले. आता तिथं बस पकडायच्या सतरा जागा ठरलेल्या आहेत, आणि तिथं हात उंच केलेल्या माणसाचे चौदा फुटी पोलादी पुतळे उभे आहेत. वर्षभर येता-जाता लोकांच्या नजरेत राहतात, ही कल्पना आम्हाला फार आवडली. तिथून लोक नोंदणीच्या ठिकाणी जातात, नोंद होते, मग बाहेरगावच्या गाड्या. पण पुतळ्यापर्यंत चालत येणं ज्याला जमत नाही, त्याला आधीपासून नाव नोंदवून ठेवावं लागतं, आणि नोंदवलेल्या पत्त्यावर छोटी गाडी खरंच पोचते का, ते पुढच्या वादळाच्या आदल्या रात्रीच कळतं. आता तुमचे प्रश्न घेऊ या.