‘शिवापूर’ आणि समाजशास्त्राचा अधिकार

के. ईश्वरन् यांचा ‘शिवापूर’ हा ग्रंथ १९६८ साली प्रसिद्ध झाला. धारवाड परिसरातील एका खेड्याचा तो अभ्यास होय. गावाचे नाव कल्पित आहे. ग्रामस्थांना उपसर्ग होऊ नये म्हणून समाजशास्त्राने पाळलेला हा संकेत आम्हांस मान्य आहे. तथापि गाव कानडी, ग्रंथ इंग्रजी आणि नाव झाकलेले. मग लेखकाची चूक गावाने दाखवावी कशी? साक्ष विद्वानाची, आणि ती तपासणारेही विद्वानच!

प्रश्न ग्रंथापुरता नाही. लिंगायतांस धार्मिक अल्पसंख्य मानावे, ही तज्ज्ञसमितीची शिफारस कर्नाटक मंत्रिमंडळाने मार्च २०१८ मध्ये स्वीकारली. मागणी भाविकांची खरी. पण तिच्यावर शिक्का तज्ज्ञांचा लागला.

म्हणून विद्वानांस गप्प करावे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ३० ऑगस्ट २०१५ रोजी डॉ. एम. एम. कलबुर्गी यांची धारवाडात राहत्या घरी गोळ्या घालून हत्या झाली. संशोधनास गोळी हे उत्तर नव्हे. अभ्यासकाने आपले लेखन त्या गावासमोर कानडीत वाचावे व गावाचा आक्षेपही ग्रंथात छापावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.