सुमेधाचे भविष्य

पाली जातकाच्या ५४७ कथा आरंभीची निदानकथा वगळून वाचणे आम्हांस अपुरे वाटते. तीत सुमेध तापस दीपंकर बुद्धांच्या वाटेवरील चिखलात आपला देह पसरतो. त्याच जन्मी मुक्त होणे शक्य असता, इतरांस तारण्यासाठी तो बुद्धत्व इच्छितो. चार असंख्येय व एक लक्ष कल्पांनंतर हा गौतम बुद्ध होईल, असे दीपंकर सांगतात. आपल्या पुराणांत वर बहुधा तपश्चर्येच्या अखेरीस लाभतो. येथे आश्वासन आधी, तप नंतर. सुमेध लगेच दहा पारमितांच्या चिंतनास बसतो. कालगणना अवाढव्य खरी. तथापि भविष्य ऐकूनही कष्ट टळत नाहीत, हा बोध आम्हांस मोलाचा वाटतो. अखेरच्या वेस्संतर जातकातील दानही मग सुटी गोष्ट न राहता त्या चिखलातील संकल्पाचीच पूर्तता ठरते.